खुब्याच्या ऑपरेशननंतर आई चालेना, कोणतं यंत्र घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई एकाहत्तर वर्षांची, आर्वी तालुक्यातल्या गावी राहते. न्हाणीत घसरून उजव्या खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला रॉड टाकला, त्याला साडेतीन महिने झाले. सर्जननं एक्स-रे पाहून हाड जुळलंय, पूर्ण वजन टाका असं सांगितलंय. तरी आई दोघांनी धरल्याशिवाय उठत नाही, दिवसभर बाजेवर असते. तुम्ही पुण्यात नोकरीला, गावी धाकटा भाऊ आणि त्याची बायको. चाळीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. स्नायूंना करंट देणारं यंत्र, पायाखाली ठेवायचं थरथरणारं मसाजर आणि माणूस पडला की फोन लावणारं घड्याळ, यातलं काय घ्यावं? आणि नागपुरात रोबोटवर चालवतात म्हणे, तिथं न्यावं का?

मी गेली बावीस वर्षं वर्धा-यवतमाळ पट्ट्यात फिजिओथेरपी करते. आधी पैशाचं सांगते. चाळीस हजार लागणार नाहीत, पाच-सहा हजारांत भागेल. यातलं सगळ्यात कामाचं यंत्र तुमच्या घरी आधीच आहे, ते म्हणजे भावाचा मोबाइल. तो कसा वापरायचा हे नीट सांगते, पण त्याआधी आईच्या पायाचं काय झालंय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला कंजूषपणा वाटेल.

हाड जुळलं म्हणजे पाय बरा झाला, असं नसतं. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. धडधाकट, हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं मांस जवळपास एक किलोनं घटलं. ना फ्रॅक्चर, ना ऑपरेशन, नुसतं झोपून. तुमच्या आईचे साडेतीन महिने झालेत. ती घाबरते, आळस करते असं घरात बोलत असतील तर ते आधी बंद करा. मांडीत उठण्याएवढा जोरच उरलेला नाही, आणि जोर नाही म्हणून भीती आहे.

आता दुसरी बाजू. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! त्यामुळे ‘आता या वयात काय होणार’ हे मला कुणी सांगायला आलं तर मी ऐकून घेत नाही. मात्र त्या म्हाताऱ्यांनी वजन स्वतः उचललं होतं. पाय यंत्रानं हलवला आणि माणूस पंख्याकडे पाहत पडून राहिला, तर फायदा झालाच तर यंत्र विकणाऱ्याचा होतो.

त्या हिशेबानं तुमची यादी पाहू. थरथरणारं मसाजर सोडून द्या. पायाला बरं वाटतं, झोप लागते, पण चालण्याशी त्याचा संबंध नाही. करंटच्या यंत्रात लोकांची फार गल्लत होते. बाजारात स्वस्तात मिळतं ते बहुतेक टेन्स असतं, ते दुखणं कमी करायला आहे, त्यानं स्नायू बनत नाही. स्नायू आकसवणारं यंत्र वेगळं. मांडी अजिबात आवळताच येत नसेल तर सुरुवातीला मी ते वापरते, तेही रुग्णाला ‘करंट आला की तुम्हीपण जोर लावा’ असं सांगून. आईला सांगून पाहा: झोपल्या-झोपल्या गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबायला लावा. मांडीवर हात ठेवल्यावर स्नायू कडक झाल्याचं जाणवतंय? मग हे यंत्र तुमच्या कामाचं नाही. पेसमेकर असलेल्या माणसाला हे यंत्र परस्पर लावूच नये, हेही लक्षात असू द्या.

इथंच एक धोक्याचं सांगून टाकते. जवळच्या गावात कुणी ‘खोल शेक’ म्हणून डायथर्मी द्यायला निघालं तर आईच्या मांडीत रॉड आहे हे आधी सांगा. त्या यंत्रानं धातू तापतो आणि आतून भाजतं. बाहेर कातडीवर काही दिसत नाही.

आता मोबाइल. कोरोनाच्या वर्षात रुग्णांच्या घरी जाणं बंद झालं तेव्हा मी नाइलाजानं व्हिडिओ कॉलवर काम सुरू केलं. मनात म्हणत होते, हात लावल्याशिवाय कसली फिजिओथेरपी! आज माझे निम्मे म्हातारे रुग्ण असेच चालतात: महिन्यातून एकदा मी त्यांच्या घरी, आठवड्यातून दोनदा मोबाइलवर. यात कॉलपेक्षा आधी काढून पाठवलेला व्हिडिओ जास्त कामाचा. रेंज कधी जाईल सांगता येत नाही, आणि कॉलमध्ये चित्र अडकलं की नेमकं पाऊल टेकताना अडकतं. भावाला सांगा, मोबाइल आडवा नाही, उभा धरायचा. हातात धरायचा नाही, ओट्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, आणि आई डोक्यापासून टाचेपर्यंत दिसली पाहिजे. बहुतेक घरांतून मला चेहऱ्याचे व्हिडिओ येतात. म्हातारी हसतेय, मागून नातू ‘आजी, हाय कर’ म्हणतोय, आणि पाय कुठंच नाहीत!

मी त्यात काय पाहते ते सांगते. देवळी तालुक्यातली एक आजी होती, तिचाही उजवाच खुबा. नऊवारी लुगडं, त्यामुळं ना गुडघा दिसे ना मांडी. सून म्हणाली, मॅडम, सलवार घालून देऊ का? आजी भडकली, ‘आता या वयात मले सलवार घालता का वो?’ मी म्हटलं राहू दे लुगडंच. व्हिडिओ हळू करून पाहिला तर लुगड्याचा काठच सगळं सांगत होता. उजव्या पायावर भार आला की डावीकडचा काठ चार बोटं खाली यायचा, डाव्यावर आला की सरळ. म्हणजे उजव्या कुल्ह्याच्या बाजूचा, कमरेला तोलून धरणारा स्नायू झोपलेला. रॉड टाकण्याच्या ऑपरेशनमध्ये याच भागातून हत्यार जातं, त्यामुळं हे नेहमीचंच आहे. तिला खिडकीचे गज धरून उजवा पाय बाजूला उचलायला लावला, दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा, आणि काठी उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिली. ज्या बाजूचा पाय दुखतो त्याच हातात काठी, ही चूक घरोघरी दिसते. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात हवी. पाच आठवड्यांनी आलेल्या व्हिडिओत काठ जवळजवळ सरळ होता. तो व्हिडिओ मी अजून शिकाऊ पोरांना दाखवते, चेहरा कापून.

मोबाइलचं दुसरं काम मोजायचं. फक्त तीन मोजमापं घ्या, आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. हात असलेल्या खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचनं वेळ घ्यायचा. आधार म्हणून वॉकर चालेल, फक्त दर वेळी तोच आधार हवा. धडधाकट म्हातारं माणूस हे बारा सेकंदांच्या आत करतं. आईला सुरुवातीला पन्नास-साठ सेकंद लागले तरी घाबरू नका, पुढच्या महिन्यात किती लागतात ते बघायचं आहे. दुसरं, तीस सेकंदांत खुर्चीतून कितीदा उठता येतं. हाताचा जोर लावावा लागला तर तसं लिहून ठेवा. तिसरं, चार मीटर सरळ चालायला किती सेकंद लागतात. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर होतो, आणि त्याहून हळू चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूंची आम्हाला काळजी वाटते. हे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आईला दिसले पाहिजेत. शाळेत न गेलेल्या बायासुद्धा आकडा कमी होतोय हे बरोबर ओळखतात आणि पुढच्या रविवारची वाट पाहतात.

पावलं मोजणारा पट्टा घ्यायचा असेल तर घ्या, पण मनगटावर बांधू नका. वॉकर धरलेला हात हलत नाही, त्यामुळं घड्याळ म्हणतं म्हातारी दिवसभर बसूनच आहे. शिवाय फार हळू टाकलेली पावलं ही यंत्रं निम्मीशिम्मी गाळतात. पट्टा घोट्यावर बांधला तर आकडा बराचसा खरा येतो. एका बावाजींनी तो पायातल्या काळ्या दोऱ्याशेजारी बांधला होता. गावात विचारलं तर सांगायचे, ‘पोरानं नजर लागू नये म्हून पाठवला.’

आता ज्याच्यावर खरा खर्च करायचा ते सांगते: बसायची उंची. बाज खाली असते, मधे झोळ असतो, तिच्यातून उठणं धडधाकटालाही जड जातं. आईला दिवसा बाजेवरून हलवा. प्लास्टिकच्या हातवाल्या तीन खुर्च्या एकात एक बसवून भिंतीला टेकवून ठेवा. एकेक खुर्ची वाढली की बसायची जागा थोडी वर येते. त्या उंचीवरून आई एकटी उठू शकेल. सकाळी आठदा, दुपारी आठदा, संध्याकाळी आठदा उठायचं आणि सावकाश बसायचं. बसताना धपकन् पडायचं नाही, अर्धा व्यायाम बसण्यातच आहे. आठ सहज व्हायला लागले की एक खुर्ची काढा. मांडीसाठी कापडी पिशवीत अर्धा किलो रेती भरून घोट्याला बांधा आणि बसल्या जागी गुडघा सरळ करायला लावा, दर पंधरा दिवसांनी थोडी रेती वाढवा. सायकलची जुनी ट्यूबही चालते. न्यूझीलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी करायला घरीच करायचा असा कार्यक्रम आखला होता, तोही घोट्याला वजन बांधून आणि तोल सांभाळायच्या साध्या व्यायामांवर. ऐंशीच्या पुढच्या बायांचं पडणं त्यानं साधारण एक तृतीयांशानं कमी झालं. त्यात मोठं यंत्र कुठलंच नव्हतं, पण फिजिओ घरी येऊन वजन वाढवून जायचा.

तो फिजिओचा भाग लोक विसरतात. आपल्याकडे लकव्याच्या रुग्णांवर १४ रुग्णालयांत १,२५० लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घरच्या माणसाला व्यायाम शिकवायचे आणि त्यानं ते करून घ्यायचे, अशी कल्पना. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू किंवा परावलंबन यांत काही फरक नव्हता. वाचून मला वाईट वाटलं, कारण मीही सुनांच्या हातात व्यायामाचे कागद देऊन मोकळी होत होते. सून सकाळी निंदणाला जाते, आल्यावर चूल, जनावरं, पोरं. तो कागद ती कधी पाहणार? म्हणून कार्यक्रम तुमच्या वहिनीच्या जिवावर आखू नका. आठवड्यातून दोनदा कुणातरी फिजिओनं बघणं, वजन वाढवणं, चूक धरणं हे ठरवून घ्या. तुम्ही पुण्यात बसून एक करू शकता. तुमच्या आवाजात मोजणी रेकॉर्ड करा: ‘हं, उठ आई, एक. बस हळू. दोन.’ आई साधा बटनांचा मोबाइल वापरत असेल तर मेमरी कार्डात भजनांच्या शेजारी ती फाइल टाकून द्या. माझं ऐकून न उठणाऱ्या म्हाताऱ्या पोराचा आवाज आला की उठतात, हे मी किती घरांत पाहिलंय!

वॉकर घरात आहेच म्हणता, पण त्याची उंची कुणी लावली? एका शिबिरात मी पाहिलं होतं, शाळेच्या पटांगणात वॉकर वाटले, सगळे कारखान्यातून आले त्याच उंचीला. साडेचार फुटांची म्हातारी आणि सहा फुटांचा पाटील, दोघांना एकच माप! आई सरळ उभी राहून हात खाली सोडेल तेव्हा मनगटाच्या वळीशी मूठ आली पाहिजे. पायाशी बटन दाबून नळी वर-खाली होते, चारही सारख्या करा. खालचे रबरी बूट दर दोन-तीन महिन्यांनी बघा. शहाबादी फरशीवर झिजलेलं रबर म्हणजे न्हाणीतल्या शेवाळासारखंच. आणि पावसाळ्यात अंगणातल्या काळ्या मातीत वॉकर नेऊ नका, चार पावलांत एकेका पायाला किलोभर चिखल चढतो.

यादीत नसलेलं एक यंत्र मात्र नक्की घ्या: दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन. आई बीपीची गोळी घेते असं तुम्ही लिहिलंय. पाच मिनिटं आडवी झोपलेली असताना बीपी घ्या, मग उभी करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला तर उठताना तिचा तोल जाणारच, आणि त्याला कुठलाही व्यायाम पुरा पडणार नाही. गोळ्या डॉक्टरांना दाखवून बदलून घ्याव्या लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा हे हमखास होतं. अंगातलं पाणी आटलेलं, त्यात लघवी वाढवणारी गोळी, आणि म्हातारी रात्री एकटीच उठते. मे महिन्यात चालायचा वेळ सूर्य उगवायच्या आत. दुपारी फक्त घरातले व्यायाम, मोठा तांब्या भरून पाणी जवळ.

पडल्यावर फोन लावणारं घड्याळ घेऊ नका. रोज चार्ज करणं, रेंज, आणि फोन लागणार पुण्याला, यातलं काहीच तिला उचलायला येत नाही. त्याऐवजी बिनवायरची दारावरची घंटी घ्या. बटन दोऱ्यानं आईच्या गळ्यात, घंटी भावाच्या खोलीत, आणि घंटी सेलवर चालणारी बघा म्हणजे लाइट गेली तरी वाजेल. बाजेपासून न्हाणीपर्यंत लाइट गेल्यावर आपोआप लागणारा बल्ब लावा. न्हाणीत धरायला लोखंडी दांडी, गवंड्याकडून भिंतीत पक्की बसवून. कमोडची खुर्चीही आणा, उकिडवं बसणं तूर्त नको. त्या न्हाणीत ती एकदा पडली आहे, शेवाळ घासल्याशिवाय तिला परत तिथं पाठवू नका.

रोबोटचं विचारलंत. माणसाला पट्ट्यांनी टांगून, पाय यंत्रात बांधून ट्रेडमिलवर चालवतात ते मी पाहिलंय, आणि ते ढोंग नाही. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत, जो अजिबात चालू शकत नाही त्याला, नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीनं ते दिलं तर स्वतः चालायला लागण्याची शक्यता वाढते. पण २०११ साली अमेरिकेत लकव्याच्या चारशेवर रुग्णांवर टांगून चालवायची ट्रेडमिल आणि फिजिओनं घरी येऊन घेतलेले व्यायाम यांची तुलना झाली, वर्षानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. तुमच्या आईला लकवा नाही. मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचतोय, फक्त पाय अशक्त आहे. आर्वीहून नागपूरला गाडीत बसून जाण्यात तिचा दिवस जाईल आणि आल्यावर ती दोन दिवस झोपेल.

मोठ्या यंत्राचा मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या केंद्राला देणगीतून तोल सुधारायचं खेळाचं यंत्र मिळालं. फळीवर उभं राहायचं, समोर टीव्हीवर बर्फाच्या डोंगरावरून घसरत जायचं. पहिल्याच दिवशी एक आजी फळीवर उभी राहिली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढा कापूस कोनाचा होय वो? वेचला नाई कोनी?’ ती हसली, आम्ही हसलो, आणि हसता हसता तिनं तोल छान सांभाळला, हेही खरं. सहा महिन्यांत अडॅप्टर जळला. दुरुस्त करणारा माणूस मिळाला नाही. फळी अजून चादरीखाली आहे.

याउलट एक गोष्ट फुकट जमली. कंपवात असलेले एक आजोबा उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. अशा रुग्णांना ठेका दिला की पाऊल सुटतं, हे जुनं ज्ञान आहे, त्यासाठी मोबाइलवर टकटक वाजणारं मेट्रोनोमचं अ‍ॅप मिळतं. मी ते लावलं, आजोबा ढिम्म. मग कळलं की ते तरुणपणी गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवायचे. मोबाइलवर खंजिरीचाच ठेका रेकॉर्ड करून लावला, उंबऱ्याआधी चुन्याच्या तीन रेघा ओढल्या, आणि आजोबा रेघांवर पाय टाकत बाहेर ओट्यावर! तुमच्या आईला कंपवात नाही, पण तिच्या ओळखीचं काय आहे ते शोधा. कुणाला ठेका चालतो, कुणाला ‘गोठ्यापर्यंत जाऊन गाय बघून ये’ एवढं पुरतं.

दोन गोष्टी राहिल्या. साध्या घसरण्यानं खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालेली आहेत, तेव्हा कॅल्शियमच्या गोळीवर न थांबता हाड बळकट करायच्या औषधाचं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. खुबा मोडलेल्यांना वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शनही असतं, ते तिला चालेल का हे तेच ठरवतील. ताटात रोज घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं. नुसत्या चहा-पोळीवर मांडी भरत नाही. आणि पैशाचं म्हणाल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या पुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साधनं घ्यायला एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात मिळतात. केंद्राची २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी, तिच्यात काठी, वॉकर, व्हीलचेअर अशा वस्तू मिळतात. उत्पन्न आईच्या कुटुंबाचं किती धरतात ते आधी विचारा.

चालताना जांघेत नव्यानं कळ येऊ लागली, पाय आखूड वाटला किंवा पोटरी सुजून गरम झाली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मोजपट्टी आणि खडू घेऊन जा. ओसरीत खुर्चीपासून तीन मीटरवर रेघ मारा, पहिला आकडा स्वतःच्या हातानं कॅलेंडरवर लिहा, आणि आईचा एक व्हिडिओ समोरून, एक मागून काढा. मागूनच्या व्हिडिओत लुगड्याचा काठ दोन्ही बाजूंनी दिसू द्या.